झाकण

मराबास्टाडच्या टॅक्सीतळामागे माझं दुकान,
चार फूट रुंद. आत स्टूल एकच,
त्यावर गिऱ्हाइकानं बसायचं, मी उभ्यानं डाग द्यायचा.
तेबात्सो बसली नाही.
कोटाच्या आत हात खुपसून म्हणाली,
"दोन्ही लावून दाखवा."

जोड्या दोन होत्या. प्रत्येकीतला एक डेक टेबलावर ठेवला.
डावा काळा, पुढच्या फटीतून तबकडी गिळणारा,
निळ्या पडद्यावर वेळ, वेग, गाण्याचं नाव,
ठोके तर न विचारताच मोजून देतो.
उजवा करडा, जडशीळ,
वरचं झाकण हातानं उचलायचं, डब्याचं उचलावं तसं.
पिचची पट्टी शून्यापाशी जरा अडखळते,
आणि क्यूचं बटण इतकं झिजलंय
की आधीच्या मालकाचा अंगठा अजून त्यात आहे.

काळी जोडी नऊ हजार रँड. करडी साडेचार.
तिच्याकडे भिशीचे सहा.
"उरलेले हप्त्यानं द्या," मी म्हणालो.
काळ्यात मला सुटतात जास्त, खोटं कशाला बोलू.

तिनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला.
मामाच्या तबकड्या. बेकरीतल्या रात्रपाळीत,
हिशेबनिसाच्या संगणकावर चोरून भरलेल्या.
मार्करनं नावं:
लग्न, भाग दोन.
शेजाऱ्यांना बोलवा.
सोमवार विसरा.
"सोमवार" डावीकडे सरकवली, "शेजारी" उजवीकडे ठेवली,
हेडफोन एकाच कानाला,
आणि बोटाच्या टोकानं चाकाला असं ढकललं
जसं झोपलेल्या पोराला कुशीवर वळवतात.
दोन्ही ठोके एकमेकांवर बसत आले,
बसत आले,

चार वाजता, ठरल्या वेळी, वीज गेली.
लोडशेडिंगचं वेळापत्रक माझ्याच भिंतीवर होतं.

शेजारच्या वेणीवालीचे ड्रायर थांबले.
कोंबड्या भाजणाऱ्याचा जनरेटर खोकून सुरू झाला.
दुकानात फक्त करड्याच्या झाकणाखाली
तबकडी अजून फिरत होती,
कुजबुजत, मंदावत, मग गप्प.
तेबात्सोनं झाकण उचललं, "शेजारी" काढली,
फुंकर मारून पाकिटात ठेवली.
मग काळ्याचं बटण दाबलं.
परत दाबलं.
त्यानं ओठ मिटून घेतले होते.

मी पेचकस उचलला.
"अकरा स्क्रू आहेत, काढून देतो."
"राहू द्या. थांबते."
तेव्हा ती स्टुलावर बसली.

अडीच तास. जुलैची थंडी, पायाशी रॉकेलचा हीटर.
मामाला डाव्या कानानं ऐकू येत नाही म्हणाली,
उजव्यानं येतो तो फक्त बास,
त्यामुळे रविवारी तो भिंतीला पाठ लावून बसतो
आणि चूक झाली की बोट वर करतो.
मग विचारलं, "करडा किती वेळा आलाय तुमच्याकडे?"
"तीनदा. गारठ्यात लेझरला वेळ लागतो,
आतली पट्टी एकदा बदललीय,
पुढच्या वर्षी पिच जाईल."
"आणि काळा?"
"त्याचं मला अजून काही माहीत नाही."

ती हसली का ते दिसलं नाही, अंधार होता.

साडेसहाला दिवे आले.
काळ्यानं आधी स्वतःचं नाव लिहिलं,
मग नमस्कार, मग विचार केला बराच वेळ,
आणि "सोमवार" अर्धी बाहेर काढली,
वेडावून दाखवल्यासारखी.
तिनं ती डब्यात ठेवली. नोटा मोजल्या. साडेचार.
"हेडफोनची वायर फुकट," ती म्हणाली, विचारलं नाही.

एकेका काखेत एकेक डेक, दातात डब्याची पिशवी.
टॅक्सीवाला दोन जास्तीच्या सीटचे पैसे मागत होता,
ती पिशवी खाली ठेवून भांडायला लागली,
आणि मी काळा उलटा करून
पहिला स्क्रू फिरवला.
बघू तरी, वीज नसताना
याला बाहेरून उघडता येईल असं
कुठे भोक पाडता येतंय का.